रिकामा खण

आमच्या लातूरच्या संगणकाच्या दुकानातल्या टेबलाला एक खण आहे. आज त्यात काही नाही. काही वर्षांपूर्वी त्यात अकरा सिमकार्डं होती, परदेशी मुलांकडे राहायला गेलेल्या आमच्या गिऱ्हाइकांची, म्हणजे काका-काकूंची. प्रत्येक सिम वेगळ्या पाकिटात, पाकिटावर नाव आणि गाव: न्यू जर्सी, डॅलस, मेलबर्न, लंडन. सोबत दोन जुने बटणांचे फोन. काकांचा निरोप आला की दुकानातल्या पोरानं त्यांचं सिम फोनमध्ये घालायचं आणि बँकेचा ओटीपी आला की त्यांना व्हॉट्सअॅपवर कळवायचा. आम्हाला ती सेवा वाटायची आणि काकांना निर्धास्तपणा. तो खण भरला कसा आणि आम्ही तो रिकामा का केला, यात आमचा बहुतेक धंदा येतो.

सुरुवात लातुरात गोलाईजवळच्या एका माडीवर झाली. एमएस-सीआयटीचा क्लास, चार संगणक, एक इन्व्हर्टर आणि खाली झेरॉक्सचं मशीन. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, गिऱ्हाईक कुठल्या ना कुठल्या रस्त्यानं येईलच, असं वडील म्हणायचे. यायची ती बहुतेक लातूर पॅटर्नची पोरं. कुणाचा सीईटीचा अर्ज, कुणाचा निकाल, कुणाची प्रवेशाची यादी. त्यांतली काही इंजिनिअर झाली, काही डॉक्टर, आणि बाहेर गेली. मग त्यांचे आईवडील निवृत्त झाले. कुणी झेडपीच्या शाळेत मुख्याध्यापक, कुणी पाटबंधाऱ्यात, कुणी बँकेत. नातवंडं सांभाळायला सहा महिन्यांसाठी म्हणून गेले आणि तिथंच राहिले. पोरांचे फॉर्म आम्ही भरले होते, आता त्यांचे आईवडील आमचे गिऱ्हाईक झाले.

पहिले आले ते गणिताचे एक सर. जाण्याआधी त्यांनी आमच्याकडून आपल्या आठवणी टाइप करून घेतल्या होत्या, दोनशे पानं, श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टात. न्यू जर्सीत मुलाच्या संगणकावर फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. सरांना वाटलं, विमानात सीडी बिघडली. सीडीला काही झालं नव्हतं. तो फॉन्ट तिकडच्या संगणकात नव्हता, एवढंच. आम्ही मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर दिसेल अशा अक्षरांत, आणून पाठवला. सर म्हणाले, "छान झालं. आता पुढचं मी लिहिणार. तू टाइप करायचं नाही, मला शिकवायचं." मराठी कीबोर्ड बसवायला आणि जोडाक्षरं जमायला तीन आठवडे लागले. 'ज्ञ'वर आम्ही दोन दिवस घालवले. सरांची ही अट पुढं आमच्या उपयोगी पडेल, हे तेव्हा डोक्यातही नव्हतं.

एकाचं दुसऱ्याला कळत गेलं आणि परदेशातून संगणकाच्या अडचणींचे फोन येऊ लागले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर, आणि ते जगभरच्या टीव्हीवर दिसलं. त्या आठवड्यात परदेशातून आलेल्या एकाही फोनची सुरुवात संगणकानं झाली नाही. "नळाला पाणी येऊ लालंय का?" हाच पहिला प्रश्न. मग दहा मिनिटांनी, "बरं, माझा प्रिंटर..."

कामाची वेळ मात्र आमच्या हातात राहिली नाही. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात लातुरात पहाटेचे साडेपाच वाजले की न्यू जर्सीत आदल्या दिवसाचे रात्रीचे आठ असतात आणि मेलबर्नमध्ये सकाळचे दहा. म्हणजे एकाचं जेवण आटोपलेलं, दुसऱ्याचा चहा झालेला, आणि आम्ही अंघोळीच्या आधी हेडफोन लावून बसलेले. पहाटे वीज सहसा जात नाही, हा त्यातला फायदा. घोळ होतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मेलबर्नवाले ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ पुढं करतात आणि अमेरिकेतले नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागं. पहिल्या वर्षी आम्हाला हे ठाऊकच नव्हतं. आम्ही फोन करायचो आणि काकूंच्या हातात पोळपाट-लाटणं.

आता त्या खणाकडे येतो.

एका सोमवारी दुपारी दुकानात फोन आला. "मी काकांचा भाचा. काका आयसीयूत आहेत, पैसे भरायचेत. आत्ता एक ओटीपी येईल, तेवढा सांगा." काकांचं सिम नेमकं फोनमध्येच राहिलं होतं. ओटीपी आला. आमच्या पोरानं तीन आकडे सांगितले आणि मग त्याची नजर मेसेजातल्या रकमेवर गेली. त्यानं फोन ठेवला आणि मला हाक मारली. मी न्यू जर्सीला फोन लावला. तिथं मध्यरात्र उलटून गेली होती. काका झोपेतून उठून माझ्यावर ओरडले, त्यावरून तब्येत ठणठणीत आहे हे कळलं. त्या माणसाला सिम आमच्याकडे आहे हे कसं कळलं? काकांनीच फेसबुकवर आमचं कौतुक केलं होतं: "माझं भारतातलं सिम लातुरात सुरक्षित हातात आहे."

तीन आकडे. आणखी तीन सांगितले असते तर आमचं दुकान राहिलं नसतं, आणि राहूही नये.

पहिला नियम झाला: कुणाचं सिम ठेवायचं नाही. त्या महिन्यात आम्ही सगळी सिमकार्डं परत केली, कुणी तिकडे जाणारं भेटेल तसं त्याच्या हाती. अकरांपैकी चार जण नाराज झाले. एक जण तर म्हणाले, "मग तुमचा उपयोग काय?" प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर शोधण्यात पुढची दोन वर्षं गेली.

तेव्हा ध्यानात आलं की अर्धी माणसं ओटीपीसाठी रडतात, ती खरं तर खात्यासाठी रडायला हवीत. कायमचं परदेशी राहायला लागल्यावर भारतातलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचं भारतातल्या कमाईचं खातं, करून घ्यावं लागतं. बहुतेकांनी केलेलंच नसतं, कारण सांगितलेलंच नसतं. पेन्शन त्या खात्यात जमा होऊ शकते. एनआरओ झालं की बऱ्याच बँका तिकडचाच मोबाइल नंबर नोंदवून घेतात आणि सिमची अर्धी कटकट संपते. २०२३ पासून अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, सिंगापूर, यूएई अशा ठरावीक देशांतल्या नंबरांवर यूपीआय सुरू करायला परवानगी आहे, तीही एनआरई (परदेशातली कमाई ठेवायचं खातं) किंवा एनआरओ खात्यालाच.

ज्यांना भारतातलं सिम ठेवायचंच आहे त्यांना आम्ही विमानात बसण्याआधी दुकानात बोलावतो. इंटरनॅशनल रोमिंग इथंच चालू करून घ्यायचं. मेसेज नुसता आला तर त्याचे सहसा पैसे पडत नाहीत. पण नंबर नव्वद दिवस अजिबात वापरला नाही तर तो बंद होऊन दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, म्हणून रिचार्जची तारीख कॅलेंडरवर मांडायची. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पोराला विचारायचं, "मला फोन कोणता घेऊन ठेवलायस?" अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला २०२२ च्या चौदाव्या मालिकेपासून सिम घालायची जागाच नाही. पोरगा प्रेमानं नवा फोन देतो आणि बापाची बँक बंद पडते. ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच बसणारं सिम, इथूनच करून गेलात तर दहा मिनिटांचं काम. तिथून करायला गेलात तर आमच्या दोन पहाटा जातात.

दुसरा नियम केला तो स्क्रीनचा. पूर्वी आम्ही दूरवरून संगणक हाताळायचं अॅप टाकून घ्यायचो आणि पाच मिनिटांत काम उरकायचो. २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं अशा अॅपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं, आणि माझ्या मनात आलं, चोर आणि आम्ही एकच वाक्य बोलतोय: "काका, हे अॅप टाका आणि नंबर सांगा." ते बंद केलं. आता व्हिडिओ कॉलवर स्क्रीन फक्त बघतो. बँकेचं पान उघडायची वेळ आली की तेही बंद करायला लावतो आणि नुसतं बोलतो. माऊस त्यांच्याच हातात. वेळ तिप्पट लागतो. वर्षाच्या फीत हे परवडतं का, असं बायको विचारते. नोव्हेंबरात परवडत नाही.

कारण नोव्हेंबर हयातीच्या दाखल्याचा. केंद्राच्या पेन्शनरांना वयाची ८० वर्षं झाली की १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, पण काढतात सगळे शेवटच्या आठवड्यात. जीवन प्रमाण ही दाखल्याची ऑनलाइन सोय २०१४ पासून आहे. चेहरा दाखवून घरबसल्या दाखला काढायची सोय २०२१ मध्ये आली. त्यासाठी एक सोडून दोन अॅप लागतात, आणि दुसरं न टाकल्यामुळे "होत नाही" म्हणणारे निम्मे. खिडकीकडे पाठ करून बसले की चेहरा काळा दिसतो. मग डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात आणि मोतीबिंदूचं नुकतंच ऑपरेशन झालेले काका इतकं जोरात डोळे मिटतात की फोनला ते झोपले असं वाटतं. ज्यांचं पेन्शन कार्यालय यात जोडलेलं नाही, त्यांच्यासाठी कागदाचा रस्ता आहेच: भारतीय वकिलात, तिकडचा नोटरी किंवा बँक अधिकारी यांच्यासमोर सही करायची. मी बऱ्याच जणांना सरळ तोच सांगतो. संगणकवाल्यानं कागद सुचवावा याचं त्यांना नवल वाटतं.

ऑनलाइन अर्जातला जन्मस्थानाचा रकाना हा आमच्याकडचा खास प्रकार. १९४८ आधी जन्मलेले आमचे काका हैदराबाद संस्थानात जन्मले. लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा झाला १९८२ साली आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं २०२३ मध्ये. एका काकांनी यादीत हैदराबाद दिसलं म्हणून निवडलं आणि एका टिचकीत ते तेलंगणाचे झाले. दुसऱ्यांना संभाजीनगर सापडेना म्हणून त्यांनी औरंगाबाद निवडलं, ते बिहारमधलं निघालं. आता एकच सांगतो: पासपोर्ट समोर ठेवा आणि त्यावर छापलंय तेच लिहा, इतिहास मला नंतर सांगा.

२०२५ मध्ये बँकांच्या वेबसाइटचे पत्ते 'डॉट बँक डॉट इन' असे झाले तेव्हा डॅलसच्या काकूंनी नवं पान उघडायला साफ नकार दिला. "हे खोटं आहे, तूच शिकवलंस पत्ता बघायला." अर्धा तास समजावलं. फोन ठेवल्यावर मात्र मला फार बरं वाटलं.

तिसरा नियम वहीचा. कुठल्या बँकेत खातं आहे, ठेव कुठं, विमा कुठला, वारसाचं नाव लावलंय का, हे स्वतःच्या हातानं वहीत लिहून ठेवा आणि वही कुठंय हे घरात एकाला सांगा. पासवर्ड त्यात लिहू नका. मेलबर्नच्या एका काकांनी हे मनापासून पाळलं. ते गेल्यावर काकूंनी वही कॅमेऱ्यापुढं धरली. सगळी उर्दूत. काका निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, आणि नातवंडांनी वाचू नये म्हणून त्यांनी लिपीच बदलली होती. काकूंना वाचता येईना, मुलाला येईना, मला तर नाहीच.

गोलाईपलीकडे राहणाऱ्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांना विनंती केली. पहाटे पाचला टोपी घालून ते दुकानात आले. मी बाहेर जाऊन उभा राहिलो, कारण माहिती काकूंची होती. गुरुजींनी एकेक ओळ वाचली आणि काकूंनी ती मराठीत लिहून घेतली. चाळीस मिनिटांनी त्यांनी मला आत हाक मारली. "आखरी लाइन तुमची आहे," म्हणाले.

त्या ओळीत लिहिलं होतं, लातूरच्या कंप्युटरवाल्याचे यंदाचे पैसे द्यायचे बाकी.

मी म्हणालो, "काकू, ते राहू द्या." काकू डोळे पुसत म्हणाल्या, "राहू द्या कसं? त्यांनी लिहिलंय. आणि यूपीआयनं मीच पाठवणार, तू फक्त सांगत राहा."