काचबिंदूचा थेंब आणि सोलापूरचा मे महिना

ओपन अँगल काचबिंदूत डोळा दुखत नाही, लालही होत नाही. डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) बाहेर सोडणारी जाळी हळूहळू तुंबते, डोळ्यातलं प्रेशर चढतं आणि नजर कडेनं जायला लागते. गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूसारखं 'ऑपरेशन केलं की दिसेल' हे इथं नाही.

थेंबांनी खरंच फरक पडतो का, हे ब्रिटनमधल्या ५१६ रुग्णांच्या चाचणीनं २०१५ साली दाखवलं. काहींना रोज लॅटानोप्रोस्ट (डोळ्यातलं प्रेशर उतरवणारे थेंब), काहींना बिनऔषधाचे थेंब. दोन वर्षांत फील्ड टेस्ट (कडेची नजर मोजणारी तपासणी) आणखी बिघडली ती औषधवाल्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांची, बाकीच्यांपैकी सुमारे २६ टक्क्यांची. म्हणजे थेंब घालूनही काहींचं बिघडतंच, तेव्हा तपासणीच्या फेऱ्या सुटत नाहीत.

पण हे आकडे नीट ठेवलेल्या औषधाचे. लॅटानोप्रोस्टला ऊन आणि उष्णता सोसत नाही. सीलबंद बाटली २ ते ८ अंशांत, फोडलेली २५ अंशांच्या आत ठेवायची असते. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ च्या पुढे जातो, तेव्हा खिडकीतल्या बाटलीचं काय होत असेल? मेडिकलवाला बाटली फ्रीजमधून काढतोय की फळीवरून, ते बघा. घरी फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. फोडल्याची तारीख पेनानं लिहा; चार आठवड्यांनी औषध उरलं तरी टाकून द्या. काही कंपन्यांचं लॅटानोप्रोस्ट बाहेर ठेवलेलं चालतं, म्हणून लेबल वाचा.

थेंब एकच. दुसरा गालावरच ओघळतो. खालची पापणी ओढून खोबणीत सोडा, टोक पापणीला लागू देऊ नका, डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा. नाही दाबला तर औषध नाकातून घशात आणि रक्तात उतरतं. टिमोलॉल (काचबिंदूचाच दुसरा थेंब) असेल तर दमेकऱ्याला हे महागात पडतं. दुसरं औषध पाच मिनिटांनी.

आणि कारखान्यातल्या धुळीनं डोळे लाल झाले म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेला थेंब स्टेरॉइडचा निघाला, तर तोच प्रेशर चढवतो.

घरात फ्रीज नाही, हात थरथरतो, अशांनी डॉक्टरांना एसएलटी लेसरबद्दल (त्याच जाळीवर लेसर मारून प्रेशर उतरवतात) जरूर विचारावं. २०१९ च्या ब्रिटिश चाचणीत ७१८ जण होते; आधी लेसर केलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांचं प्रेशर तीन वर्षांनीही थेंबांशिवाय आटोक्यात होतं. परिणाम काही वर्षांनी उतरतो, मग लेसर पुन्हा करता येतं.