हिंदी येते, मग मराठी किती दिवसांत येईल?

मराठी शिकू पाहणारा जवळजवळ प्रत्येक हिंदीभाषक पहिल्याच दिवशी हे विचारतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

लिपी एकच, ढीगभर शब्द ओळखीचे, त्यामुळे समजायला लवकर लागतं. बोलताना गाडी अडते ती नामापाशी. हिंदीत 'पानी' जसंच्या तसं राहतं आणि पुढे 'में' लागतो. मराठीत 'पाणी'चं आधी 'पाण्या' होतं, मग प्रत्यय लागतो: पाण्यात, पाण्याला, पाण्यावर. हे सामान्यरूप. ते अंगवळणी पडलं नाही की 'पाणीमध्ये मीठ टाक' असं वाक्य निघतं. त्यात लिंगाचा गोंधळ: पाणी तिकडे पुल्लिंगी, पुस्तक स्त्रीलिंगी, इकडे दोन्ही नपुंसकलिंगी. म्हणून शब्द सुटा पाठ करू नका. 'तो डबा, डब्यात', 'ती शाळा, शाळेत', 'ते झाड, झाडावर' असं जोडीनं आणि मोठ्यानं म्हणा. रोज पाच पुरे, तेही घरातल्या वस्तूंचे. एकदा डबा पक्का झाला की रस्ता, आंबा, डोळा त्याच्याच वाटेनं जातात.

उच्चारात च सांभाळा. 'चहा'तला च वेगळा, 'चमचा'तले वेगळे. ते म्हणताना जीभ दातांमागे टेकते. आणि 'चमच्याने' म्हटलं की मागून आलेल्या य-मुळे दुसरा च पुन्हा चहातल्यासारखा होतो. लिहिताना हा फरक दिसत नाही, कानानंच पकडावा लागतो.

सगळ्यात जपायचे शब्द मात्र दोन: आम्ही आणि आपण. हिंदीत दोन्हींना 'हम'. मित्राला 'आम्ही उद्या भेटू' म्हणालात, तर तुम्ही दुसऱ्याच कुणाला भेटणार आहात असं त्याला वाटेल. ऐकणारा धरून बोलायचं असेल तर 'आपण'. 'आपल्या गल्लीत पाणी कधी येतं?' असं विचारणारा त्या गल्लीतला होतो, 'तुमच्या गल्लीत' म्हणणारा पाहुणाच राहतो.

आता 'किती दिवसांत'. ते निम्मं आमच्यावर अवलंबून आहे. 2020 च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, पण नोकरीसाठी आलेल्या मोठ्या माणसाची शाळा म्हणजे भाजीवाली, रिक्षावाला आणि शेजारी. तो एका शब्दाला अडखळला की आम्ही लगेच हिंदीवर येतो. चांगुलपणानंच येतो, पण त्याचा सराव तिथेच संपतो. मग तो 'मराठी येत नाही'वाला ठरतो आणि आम्हीच कुरकुरतो. हे मला मनापासून खुपतं.

तुम्ही एक वाक्य तयार ठेवा: 'हळू बोला, पण मराठीतच बोला.' रोजची एक भाजीवाली ठरवा, 'कोथिंबीर कशी दिली?' इथून सुरुवात करा आणि उत्तर हिंदीत आलं तरी पुढचा प्रश्न मराठीतच विचारा. आणि मराठी वाचकहो, समोरचा 'पाणीमध्ये' म्हणाला तर हसू नका, व्याकरणही शिकवू नका. 'हो, पाण्यात टाकलं' एवढं म्हणा आणि मराठीतच पुढे बोला.