दोघांच्या नावावरची गाडी

शनिवार, रात्री

गाडी आज घरी आली. १९८७ची पोर्शे ९११ कॅरेरा, कॅब्रिओले, म्हणजे छप्पर कापडाचं आणि मागे दुमडणारं. रंग गडद निळा. मालकीच्या कागदावर आम्हा दोघांची नावं आहेत आणि मधे ‘अँड’ आहे. कॅलिफोर्नियात याने फरक पडतो. दोन नावांमधे ‘ऑर’ असेल तर कुणाही एकाच्या सहीने गाडी विकता येते, ‘अँड’ असेल तर दोघांच्या सह्या लागतात. फॉर्म भरताना नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी ‘अँड’ म्हटलं, त्याने लिहिलं. घर दोघांचं, कर्ज दोघांचं, पण निव्वळ हौसेपोटी घेतलेली एकही वस्तू आजवर दोघांच्या नावावर नव्हती. त्याचे कॅमेरे त्याचे, माझा तानपुरा माझा. म्हणून आजची नोंद जरा लांबणार आहे.

एअर-कूल्डच, म्हणजे हवेवर थंड होणारीच, का हवी होती, असं लेक फोनवर विचारत होती. तिला जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवते. या गाडीत रेडिएटर नाही, पाणी नाही. मागच्या चाकांच्याही मागे इंजिन. सहा सिलिंडर, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे, आडवे. प्रत्येकाला बाहेरून फिन्स, म्हणजे धातूच्या पातळ कडा, आणि वर एक मोठा पंखा. तो इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो आणि त्या फिन्सवरून हवा ढकलत राहतो. उरलेली उष्णता तेल वाहून नेतं, म्हणून तेल भरपूर लागतं. सगळं मिळून बारा-तेरा लिटर. त्याची टाकी वेगळी, उजव्या मागच्या चाकापाशी. तेलाची पातळी बघायची ती इंजिन नीट तापलेलं असताना, चालू ठेवून, सपाट जमिनीवर. थंड इंजिनवर काडी काढून बघितली तर ती काहीच दाखवत नाही, आणि घाबरून वर तेल ओतलं की घोळ होतो. थंडीत आत ऊब हवी असेल तर तीही एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती तापलेल्या हवेची. या गाडीत सगळं असं एकमेकांच्या आधाराने चालतं. १९९८ मध्ये या जातीची शेवटची ९११ बनली. त्यानंतरच्या सगळ्या पाण्यावर थंड होणाऱ्या.

मला हे इंजिन समजायला अजिबात वेळ लागला नाही, आणि त्याचं श्रेय बाबांच्या चेतकला. आकुर्डीच्या कारखान्यातून आलेली ती बजाजची स्कूटर. तिचंही इंजिन मागच्या चाकापाशी, उजव्या अंगाला, आणि तेही पंख्याच्या हवेवर थंड होणारं. रविवारी सकाळी बाबा बाजूचं झाकण काढून प्लग सोडवायचे, पॉलिश पेपरने घासायचे, फुंकर मारून उजेडात धरून बघायचे. मी शेजारी पाना घेऊन उभी. भावाला त्यात रस नव्हता, मला होता, आणि ‘मुलीने कशाला’ असं आमच्या घरात कुणी म्हटलं नाही. आज मेकॅनिकने फिन्स दाखवल्या तेव्हा तो वास ओळखीचा वाटला. तापलेलं ॲल्युमिनियम आणि त्यावर वाळलेलं तेल.

नवऱ्याला खरं तर कूपे हवी होती. बंद छपराची गाडी जास्त ताठ असते, वळणावर कमी पिळवटते, हे त्याचं म्हणणं बरोबरच आहे. मला उघडी हवी होती. माझं म्हणणं असं की रेडवूडच्या झाडांखालून जायचं आणि वर बघता येऊ नये, तर मग जायचं कशाला? त्याने विचार करायला वेळ घेतला. मग एके दिवशी स्वतःच जुनी माहिती काढून बसला. ९११ पहिल्यांदा लोकांसमोर आली १९६३ मध्ये, फ्रँकफुर्टला. पण पूर्ण उघडणारी ९११ विकत मिळायला १९८३चं मॉडेल यावं लागलं. मधल्या काळात होती ती टार्गा. तिच्यात डोक्यावरचा तुकडा काढता यायचा, पण मागे जाड कमान कायम. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तर कंपनी ९११ बंदच करायला निघाली होती. तिची जागा ९२८ हे दुसरं मॉडेल घेणार, असं ठरलं होतं. १९८१ मध्ये पीटर शुट्झ प्रमुख झाले आणि त्यांनी तो निर्णय फिरवला. एका अधिकाऱ्याच्या खोलीत भिंतीवर कुठलं मॉडेल कुठवर चालणार याचा तक्ता होता, त्यात ९११ची रेघ मधेच संपत होती. शुट्झनी मार्कर घेतला आणि ती रेघ तक्त्याबाहेर, भिंतीवर वाढवली. हे वाचून नवरा म्हणाला, “ती रेघ थांबली असती तर तुझी उघडी गाडी आलीच नसती.” त्या दिवसापासून त्याने कूपेचं नाव काढलं नाही.

गाड्या बघताना एक गोष्ट मला खुपत राहिली. विकणारे सगळं त्याला सांगायचे. इंजिन त्याला दाखवायचे, किंमत त्याला सांगायचे, आणि मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही त्याच्याकडे बघून द्यायचे. एका ठिकाणी तर चावी थेट त्याच्या हातात ठेवून, “तुम्ही शेजारी बसून मजा घ्या,” असं मला सांगितलं. नवऱ्याने ती चावी लगेच माझ्या हातात दिली. गाडी वाईट नव्हती, तरी आम्ही ती घेतली नाही. त्या घरातून गाडी आणायचं मन झालं नाही, आणि या बाबतीत मनाचं ऐकणं मला योग्यच वाटतं.

आमची अट एकच होती: दोघांनाही चालवता आली पाहिजे. वाचायला सोपं, प्रत्यक्षात फार अवघड. तो सहा फुटांना टेकलेला, मी पाच फूट एक इंच. या गाडीचं स्टिअरिंग ना वर-खाली होतं, ना पुढे-मागे. पेडल वरून लोंबत नाहीत, जमिनीतून वर येतात, पायपेटीसारखे. म्हणून टाच खाली टेकवून पाय वेगळ्या कोनात चालवावा लागतो. पॉवर स्टिअरिंग नाही. मी प्रत्येक गाडीत बसून क्लच तळापर्यंत दाबून बघायचे, पुन्हा पुन्हा, गुडघा काय म्हणतो ते पाहत. १९८६ पर्यंतच्या गाड्यांत जुना, ९१५ नावाचा गिअरबॉक्स आणि केबलचा क्लच. त्याला सावकाश हात लागतो, पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना क्षणभर थांबावं लागतं. नवऱ्याला ती लय आवडली होती. १९८७ पासून जी५० गिअरबॉक्स आला आणि क्लच हायड्रॉलिक झाला. त्यात माझा पाय आणि हात लगेच जुळले. मग १९८७च्या आधीचं बघायचं नाही असं ठरलं. त्याने त्याची आवड सोडली, मी नंतर रंगाचा हट्ट सोडला. मला पांढरी हवी होती.

ही गाडी हाफ मून बेजवळची, म्हणजे समुद्रकाठची. म्हणून आधी गंज. १९७६च्या मॉडेलपासून ९११च्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी जस्ताचा थर असतो, तरी खारा वारा आणि साचलेलं पाणी कुणाचीच गय करत नाही. आणि कापडी छपराच्या गाडीत पाणी आत येतंच. आम्ही पुढच्या डिकीतला गालिचा उचलला, बॅटरीखाली बोट फिरवलं, सीटमागचा कोपरा दाबून बघितला. कोरडा आणि घट्ट. मग गाडी आमच्या ओळखीच्या, याच गाड्यांवर आयुष्य काढलेल्या मेकॅनिककडे नेली.

त्याने लीक-डाउन टेस्ट केली. एकेका सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडायची आणि किती टक्के निसटते ते मोजायचं. पाच सिलिंडर चार ते सहा टक्क्यांत बसले. तिसऱ्यात अकरा. त्याने मला बोलावलं आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी कान न्यायला सांगितलं. मी गुडघ्यावर बसले. बारीक, सलग सुस्कारा ऐकू येत होता. म्हणजे हवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून जातेय. तीच तेल भरायच्या तोंडाशी ऐकू आली असती तर पिस्टनच्या रिंगा, आणि मग खर्चाचा आकडाच वेगळा. या ३.२ लिटरच्या इंजिनात व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यातून सरकतो त्या नळ्या, झिजतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांमधली फटही कमी झालेली असू शकते. ती फक्त ०.१ मिलिमीटर ठेवायची असते, आणि घट्ट बसलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. फट थंड इंजिनवरच लावता येते, त्यामुळे त्याच दिवशी निकाल लागणार नव्हता. वाईटात वाईट म्हणजे इंजिन उतरवून वरचा भाग उघडणं, आणि त्याला पाच आकडी डॉलर लागतात. दिलासा एवढाच की सिलिंडरचे हेड धरून ठेवणारे स्टड शाबूत होते आणि सुरू करताना निघालेला निळा धूर दोन श्वासांत विरला. मेकॅनिकने दोन्ही शक्यता आम्हा दोघांना सारख्याच शांतपणे समजावल्या, दोघांच्याही डोळ्यांत बघून. त्याबद्दल मला फार आदर वाटला.

मालकाला आम्ही तो अकराचा आकडा दाखवला. त्याने हुज्जत न घालता किंमत कमी केली. इथे विकणाऱ्यालाच धुराचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते नव्वद दिवस चालतं. तेही त्याने तयार ठेवलं होतं.

गाडीची खरी ओळख मात्र त्याच्या बायकोने करून दिली. तिने मला छपराजवळ नेलं. पुढच्या काचेवरच्या दोन कड्या सोडायच्या, पण त्याआधी मागची खिडकी. ही खिडकी काचेची नाही, मऊ प्लास्टिकची, आणि चेनने उघडते. तिने चेन कशी फिरवायची ते दाखवलं: कोपऱ्यात आली की दुसऱ्या हाताने कापड आत दाबायचं, ओढायचं नाही. थंडीच्या सकाळी कधीही दुमडायची नाही, तडकते. अर्धा तास उन्हात ठेवायची, बोटाला मऊ लागली की मगच. मग छप्पर मागे, आणि वरून कव्हर. त्याला ओळीने टिचबटणं. एकट्याने लावायला गेलं की एका टोकाचं लावताना दुसऱ्या टोकाचं निघतं. “हे दोघांचं काम आहे,” ती म्हणाली आणि डाव्या बाजूला गेली, मी उजव्या. टिच टिच करत आम्ही मधे भेटलो. तिने शेवटचं बटण मला लावू दिलं. मग ती पटकन घरात गेली. गाडी जाताना ती बाहेर आली नाही, आणि मी ते समजू शकते.

सॅन ग्रेगोरिओपर्यंत नवऱ्याने चालवली, तिथून पुढे मी. ८४ नंबरच्या रस्त्याने ला होंडावरून चढ, वर डोंगरमाथ्यावरच्या स्कायलाइन रस्त्याला लागून दक्षिणेकडे, मग ९ नंबरने साराटोगात खाली. सगळा रस्ता वळणांचा. मागे इंजिन असलेल्या गाडीचा एक नियम: ब्रेक वळणाआधी लावायचा, आणि वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा नाही. उचललात की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि मागचा भाग बाहेर जायला बघतो. मी गाडी शिकले कात्रजच्या घाटात, मारुती ८०० वर, आणि वळणाच्या आधीच वेग ठरवायची सवय तेव्हापासूनची. इथे ती कामी आली. तिसऱ्या गिअरमध्ये, वळणाच्या मध्यावर, पेडल हलकंच दाबत नेलं की गाडी मागच्या चाकांवर बसते आणि रस्ता धरते. ते कमरेत कळतं. नवरा शेजारी गप्प होता. त्याने दार घट्ट धरलेलं नव्हतं, हे मी बघितलं. झाडांमधून ऊन तुटक तुटक येत होतं, मागून पंख्याचा तो कोरडा, घोगरा आवाज. ला होंडाच्या पुढे गार हवा एकदम अंगावर आली आणि आम्ही दोघांनीही एकाच वेळी “हं” म्हटलं.


रविवार, दुपारी

सकाळी डीएमई रिले मागवला. इंजिनचं पेट्रोल आणि ठिणगी सांभाळणाऱ्या संगणकाला वीज देणारा हा लहानसा डबा. तो गेला की गाडी जिथे आहे तिथे थांबते, म्हणून एक जास्तीचा ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवायची इथली रीत आहे. टायरवर मात्र झगडा झाला. खोल नक्षी शिल्लक आहे, पण कडेवरच्या चार आकड्यांवरून आठवडा आणि वर्ष कळतं, आणि ते वर्ष फार मागचं आहे. तो म्हणतो उन्हाळ्यापर्यंत चालतील. मी म्हणते या गाडीत मागचे टायर हाच जीव, एक दिवसही थांबायचं नाही. शेवटी टायर आधी असं ठरलं. छपराचं कापड त्यानंतर. त्याला काळं हवंय, मला निळं, आणि तो विषय आज आम्ही मुद्दाम उघडला नाही.

खर्चासाठी वेगळं खातं काढतोय, दोघांचे सारखे पैसे. विमा ठरलेल्या किमतीचा, दोघेही चालक. ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वही ठेवली आहे: कुणी नेली, किती मैल, तेल किती, काय वेगळं ऐकू आलं.

आत्ता तो एकटाच घेऊन गेलाय, कपर्टिनोच्या मागच्या डोंगराकडे. मीच जा म्हटलं, कारण काल घाटाचा भाग सगळा माझ्याच वाट्याला आला. गुरुवारी त्याला ऑफिस आहे, मी मेकॅनिककडे नेणार. आदल्या रात्रीच सोडून यावी लागेल, इंजिन थंड हवं. व्हॉल्व्ह लावून झाले की मेकॅनिक परत हवा सोडून मोजणार आहे. तिसरा सिलिंडर सातच्या खाली यावा, एवढंच सध्या डोक्यात आहे.