कपड्यांचा जुना जपानी तान्सू
किमोनो टांगून न ठेवता घडी घालून आडवा ठेवण्याची रीत असल्यामुळे कपड्यांच्या तान्सूचे (म्हणजे खणांच्या लाकडी कपाटाचे) खण रुंद आणि उथळ असतात. त्यासाठी किरीचे (पाउलोनिया या झाडाचे) लाकूड विशेष पसंत केले जाई. ते अतिशय हलके असते आणि दमट हवेत किंचित फुगून फटी बुजवत असल्यामुळे आतील रेशमाला ओल सहसा लागत नाही. मुलगी जन्मली की किरीचे झाड लावावे आणि तिच्या लग्नात त्याचाच तान्सू करून द्यावा, अशी प्रथा सांगितली जाते (झाड झपाट्याने वाढते, म्हणून हे जमे). सेंदाई या जपानी शहराचे तान्सू मात्र केयाकी या झाडाच्या लाकडाचे, लाखेच्या झिलईचे आणि ठसठशीत लोखंडी नक्षीचे; ते दिमाखदार खरे, पण मला किरीचा साधेपणाच अधिक भावतो. किरीच्या जुन्या तान्सूवर रंधा मारून तो कोरा करण्याची पद्धत जपानमध्ये रूढ आहे, तरी मी तो काळवंडलेलाच ठेवीन.