रिकामा हौदा, बर्फाचा चढ

टेक्सासमध्ये चार वर्षं बिनतक्रार चाललेली माझी पिकअप मिशिगनमधल्या होटनला पहिल्याच बर्फात घरापुढच्या चढावर अडकली. चढ जेमतेम दोन घरांएवढा. मागचं उजवं चाक जागच्या जागी गरगरत होतं, डावं हलायला तयार नव्हतं आणि गाडीचा मागचा भाग हळूहळू शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे सरकत होता. बायको शेजारी बसली होती. ती एवढंच म्हणाली, "अरे, पाय काढ." मी पाय काढला, गाडी जपून मागे उतरवली आणि आम्ही दोघं चालत गेलो.

होटन हे कीविनॉ द्वीपकल्पावरचं, सुपीरियर सरोवराच्या तडाख्यातलं गाव. हिवाळ्याच्या सुरुवातीला सरोवर गोठलेलं नसतं. गार वारा त्याच्यावरून येताना बाष्प उचलतो आणि किनाऱ्याला लागला की ते बर्फ होऊन कोसळतं. इथे हंगामात पाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो. उत्तरेला यूएस-४१ रस्त्याच्या कडेला थर्मामीटरसारखी एक उंच पट्टी उभी केली आहे. १९७८-७९ च्या हिवाळ्यात पडलेल्या ३९०.४ इंच बर्फाची, म्हणजे जवळजवळ दहा मीटरची, खूण तिच्यावर आहे. त्यामुळे "आज बर्फ आहे, गाडी नको" हे इथे चालत नाही. गाडी सुधारणं भाग होतं.

माझी पिकअप मागच्या चाकांवर चालणारी, टू-व्हील ड्राइव्ह. इंजिन पुढे, केबिन पुढे, मागे नुसता पत्र्याचा हौदा. रिकाम्या पिकअपचं साधारण ५५ ते ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं आणि गाडी ढकलायची ती हलक्या पडलेल्या मागच्या चाकांनी. शिवाय साधं डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारी गिअरपेटी, दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक बर्फावर सुटलं की त्याला लागतो तेवढा किरकोळ जोरच दुसऱ्याच्याही वाट्याला येतो. म्हणून माझं डावं चाक नुसतं उभं होतं. हे कळलं तेव्हा मला गावाकडचा पावसाळा आठवला. रिकामा टेम्पो चिखलात रुतला की काका ओरडायचे, "मागं हौद्यात उभं ऱ्हावा रं चौघं!" उपाय तोच होता.

हार्डवेअरच्या दुकानात वाळूची लांबट पोती मिळतात, प्रत्येकी ६० पौंडांची, म्हणजे २७ किलोची. मी सहा आणली आणि उचलायला सोपं म्हणून फाळक्यालगत टाकली. ही माझी मोठी चूक होती. चढ आता चढता येत होता, म्हणून मी निर्धास्त झालो. चौथ्या दिवशी शेजारच्या हॅन्कॉक गावाच्या बाजूने क्विन्सी हिल ही टेकडी उतरताना वळणावर स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी सरळच जात राहिली. रस्त्यावरून कडेला ढकलून टाकलेल्या बर्फाच्या ढिगात पुढचा बंपर रुतला तेव्हा थांबली. कोणाला लागलं नाही. पण त्या दोन-तीन सेकंदांत समोरून कोणी आलं असतं तर, हा विचार अजून जात नाही. मागच्या आसाच्या मागे टाकलेलं वजन तरफेसारखं पुढची चाकं उचलतं. मागची पकड वाढली ती मी वळण्याच्या पकडीतून काढून घेतली होती.

शेजारच्या वृद्ध गृहस्थांचा सगळा जन्म इथल्या बर्फात गेलेला. त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः फाळका उघडून पोती पुढे ओढली. मागच्या आसाच्या बरोबर वर, किंचित पुढेच, दोन्ही चाकांच्या कमानींच्या मधे. मग आम्ही लाकडी पट्ट्यांची चौकट करून ती कमानींना टेकवून घट्ट बसवली, कारण जोरात ब्रेक लागला तर २७ किलोचं पोतं केबिनच्या काचेवर येऊ शकतं. दोन पोती त्यांनी गॅरेजमध्ये ठेवायला लावली. ओली वाळू हौद्यात गोठून दगड होते आणि चाकाखाली टाकायची वेळ आली की सुटत नाही. हौद्यात साचणारा बर्फही उपसून टाका म्हणाले. तो घसरतो, आणि त्याचं वजन किती झालं ते कळत नाही.

पण खरा फरक टायरांनी पडला, आणि पैसे आधी तिथेच घालायला हवे होते असं माझं ठाम मत आहे. माझ्या टायरांवर "एम अँड एस" (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं होतं, मी त्यावर विसंबलो होतो. ती खूण फक्त खाचांच्या नक्षीबद्दल सांगते. बर्फावर चाचणी झालेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र असतं. साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली नेहमीच्या टायरचं रबर कडक होत जातं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. मी चारही बदलले. दुकानदार "मागचे दोन पुरेत" म्हणत होता, पण क्विन्सी हिलवर सुटली होती ती पुढची चाकं. रुंदीही २६५ वरून २४५ मिलिमीटर केली, गाडीच्या पुस्तिकेत चालतं असं पाहून. अरुंद टायर भुसभुशीत बर्फ कापून खाली टेकतो. हवा मात्र दर आठवड्याला बघावी लागते. पारा साडेपाच अंश उतरला की हवेचा दाब सुमारे एक पीएसआय (दाब मोजायचं एकक) कमी होतो.

एक चाक सुटलं तरी दुसऱ्याला जोर देणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवायचा विचार मनात होता. टायर आणि वाळूनंतर त्याची गरज उरली नाही.

शेवटचं काम माझ्या पायाचं होतं. मालकाची परवानगी काढून आम्ही दोघं रविवारी सकाळी एका मोकळ्या पार्किंगमध्ये गेलो. ताशी २५ किलोमीटरवर ब्रेक दाबून धरायचा, एबीएसने, म्हणजे ब्रेक लागताना चाकं अडू न देणाऱ्या यंत्रणेने, पेडल थरथरलं तरी सोडायचं नाही. गाडीची शेपटी सुटली की ॲक्सिलरेटर सोडायचा आणि जायचंय तिकडे बघत स्टिअरिंग फिरवायचं. उतारावर एकदम खालचा गिअर टाकला की मागची चाकं अडतात आणि शेपटी फिरते, हे तिथे दोनदा अनुभवलं. बायकोचा हात माझ्यापेक्षा हलका निघाला. वाळूने निघणं सोपं होतं, थांबणं नाही, हेही तिथेच मोजून कळलं. पुढच्या गाडीपासूनचं अंतर दुप्पट-तिप्पट ठेवायचं आणि वेग आपोआप कायम ठेवणाऱ्या क्रूझ कंट्रोलला हात लावायचा नाही, हे तेव्हापासून पाळतो.

फेब्रुवारीत एका रात्री क्विन्सी हिलच्या पायथ्याशी एक छोटी कार आडवी झाली होती. गॅरेजमधलं एक पोतं त्या दिवशी नेमकं केबिनमध्ये होतं. दोन फावडी वाळू तिच्या चाकांपुढे टाकली, ती निघाली. मागोमाग मीही चढ चढलो, दुसऱ्या गिअरमध्ये, एकदाही चाक जागच्या जागी न गरगरता.

एप्रिलअखेर टायर उतरवले तेव्हा खाचा ८ मिलिमीटर उरल्या होत्या. ५ झाल्या की बदलणार आहे.