स्टेशन नसलेला स्टेशन चौक आणि न्यूयॉर्क

आमचे भाचेजावई मुंबईचे. लग्नानंतर पहिल्यांदा सांगलीला एसटीनं आले आणि थोड्या वेळात फोन, "मामा, स्टेशन चौकात उभा आहे, पण स्टेशन कुठंय?" म्हटलं तिथंच थांबा, तिथं स्टेशन नाहीये, येतो न्यायला. सांगलीकराला यात काहीच वावगं वाटत नाही. १९०७ साली संस्थानानं मिरजेपासून मीटरगेज आणली, गाडी पार गावात यायची, पुढं पुणे-मिरज लाईन ब्रॉडगेज झाली, स्टेशन नव्या लाईनवर गेलं आणि चौकाला नाव तेवढं चिकटून राहिलं.

याचा वचपा जावयांनी न्यूयॉर्कमध्ये काढला.

भाची न्यूजर्सीत असते, तिच्याकडं गेलो होतो, बॅगेत दोन किलो भडंग. एका शनिवारी लोकलनं निघालो, हडसन नदीखालच्या बोगद्यातनं गाडी पेन स्टेशनला लागली. नाव एवढं मोठं, आणि आपल्या डोक्यात मोठं स्टेशन म्हणजे सीएसएमटी, त्यामुळं मी आधीच मान वर करून तयार. बघतो तर अरुंद फलाट आणि डोक्याला लागेल की काय असं छत. वर आलो तर ही गर्दी बोर्डाकडं टक लावून उभी, फलाटाचा नंबर झळकला रे झळकला की सगळे एकदम पळत सुटतात, बॅगा, पोरं, कॉफीचे कप सगळं घेऊन. मी विचारलं, "अहो, स्टेशन कुठंय?"

जावई हसले. "मामा, ते पाडलं. स्टेशन चौक आठवतोय का?"

मग तिथंच कडेला उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. १९१० साली उघडलेलं स्टेशन, रोममधल्या जुन्या स्नानगृहांच्या धर्तीवर बांधलेलं, गुलाबी ग्रॅनाइट, ओळीनं दगडी खांब, वेटिंग रूमच दीडशे फूट उंच. नंतर लोक मोटारीनं आणि विमानानं जायला लागले, रेल्वे कंपनी तोट्यात, तिनं स्टेशनच्या डोक्यावरची जागा विकली. १९६३ च्या ऑक्टोबरात पाडकाम सुरू झालं, खाली गाड्या चालूच आणि वर घण. खांब आणि पुतळे नेऊन टाकले न्यूजर्सीच्या दलदलीत. म्हणजे येताना खिडकीतनं मी जे गवत बघत होतो तिकडंच कुठंतरी! वर मॅडिसन स्क्वेअर गार्डन उभं राहिलं, नावाला गार्डन, पण आहे खेळांचं आणि कार्यक्रमांचं बंदिस्त स्टेडियम. लोक एवढे हळहळले की १९६५ मध्ये शहरानं जुन्या वास्तू वाचवायचा कायदा केला, आणि त्याच कायद्याच्या जोरावर पुढं न्यूयॉर्कमधलंच ग्रँड सेंट्रल स्टेशन वाचलं, १९७८ साली सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन. एकाचा बळी गेला तेव्हा दुसरं राहिलं.

बाहेर सातव्या ॲव्हेन्यूवर दोन दगडी गरुड बसवलेत, जुन्या स्टेशनवरचे. एकाच्या पायाशी कुणीतरी कॉफीचा रिकामा कप ठेवून गेलेलं. मी हात लावून बघितला, गार दगड. पलीकडं जुन्या पोस्टाच्या इमारतीत २०२१ पासून स्टेशनचाच नवा हॉल झालाय, काचेचं छत वगैरे, देखणा आहे, पण तिकीट नसेल तर टेकायला बाकडं मिळत नाही, माझ्यासारख्या गुडघेवाल्यानं काय करायचं.

एक गोष्ट मात्र डोक्यातनं जाईना. तिथं इमारत गेली पण रूळ तिथंच, रोज लाखो माणसं त्यावरनंच येतात. आमच्याकडं रूळच गेले.

परत आल्यावर आत्याला सांगितलं. वय वर्षं ८४, म्हणाली मला चौकात घेऊन चल. गेलो संध्याकाळी. ट्रॅफिकमध्ये उभी राहून काठीनं दाखवायला लागली, गाडी इकडनं यायची, टांगे तिकडं, मिरजेला मिशन दवाखान्यात जायचं तर आई डबा बांधून घ्यायची. तेवढ्यात एक रिक्षावाला शेजारी थांबला.

"आजी, स्टेशनला सोडू का?"

"आलेय की रे," आत्या म्हणाली आणि काठी परत वर केली.