तीन सेलची पितळी बॅटरी
आज मालवणच्या बाजारात एका जुन्या दुकानाच्या माळ्यावरून तीन सेलची पितळी बॅटरी मिळाली. माझ्याकडची सतरावी. "असली आता येणा नाय रे झिला, सगळा चार्जिंगचा इला," असं म्हणत काकांनी ती हातात दिली.

घरी येऊन मागचं झाकण फिरवलं. आत सेल फुटून मसाला बाहेर आलेला, स्प्रिंगवर हिरवा थर. सेलची जस्ताची भिंत आतून झिजते आणि तो द्राव पितळेला लागतो, म्हणून बॅटरी ठेवून देताना सेल काढूनच ठेवायचे. आईने आमसुलं भिजवून दिली, तासभर घासलं. झाकणात खोचलेला जादा बल्ब मात्र तसाच शाबूत! नवे मोठे सेल घातले, १.५ व्होल्टचे तीन, म्हणजे ४.५. बटण सरकवलं आणि पिवळा झोत थेट माडाच्या शेंड्यावर.

एलईडीचा उजेड जास्त पडतो, मान्य. पण पहिल्या पावसात आबांबरोबर व्हाळात कुर्ल्या पकडायला जायचो, तेव्हा पाण्यावर हाच पिवळा उजेड हलायचा.

कोणाच्या माळ्यावर अशी पडून असेल तर भंगारात देऊ नका, मला कळवा. बंद असली तरी चालेल.